पहाटेच्या नऊ मिस्सा आणि तुझा ऑर्गन

वसई, २० नोव्हेंबर

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला. मनिलातल्या तुझ्या चर्चमध्ये सिंबांग गाबीच्या, म्हणजे नाताळाआधीच्या पहाटेच्या मिस्सांच्या, नऊही पहाटा ऑर्गनवर तू बसणार, आणि त्यासाठी नऊ नवे प्रिल्यूड, म्हणजे मिस्सेआधी वाजवायचे तुकडे, बसवायला घेतलेस. हो म्हणालीस ते छान केलंस. प्रिल्यूड मात्र सहा काढून टाक. तीन पुरेत, तेच आलटून पालटून वाजव. पहाटे तीनला उठून, लेकरू कडेवर घेऊन चर्चला येणारा माणूस तू वाजवलेलं बाखचं संगीत ऐकायला येत नाही, गायला येतो. त्याला गाता आलं पाहिजे, एवढंच तुझं काम. ते दिसतं तेवढं सोपं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. एका बैठकीत वाचू नकोस. कन्सोलवर, म्हणजे ऑर्गनच्या वाजवायच्या भागावर, ठेव, अडेल तसं काढ.

आधी बसण्याचं. पेटीवरून आलेल्यांचं पहिलं चुकतं ते इथेच. मांड्या किंचित पुढे उतरत्या हव्यात, पायाचे तळवे पेडलना, म्हणजे पायाने वाजवायच्या पट्ट्यांना, नुसते टेकले पाहिजेत, दाबले जाता कामा नयेत. बाक उंच झाला की टाच पोचत नाही, बुटका झाला की गुडघे वर येतात आणि चौथ्या दिवशी कंबर धरते. उंची वाढवायची तर बाकाच्या दोन्ही बाजूंखाली एकाच जाडीच्या लाकडी फळ्या घाल. गाण्याच्या वह्यांचे थर रचू नकोस, ते नेमके अर्पणाच्या गाण्यात सरकतात. पेडलबोर्डच्या मधल्या डी सुरासमोर बस. पेडल शोधायला खाली बघायचं नाही. काळ्या पेडलांच्या गटांमध्ये जी मोकळी जागा असते ती चवड्याने चाचपायची आणि तिथून मोजायचं. रोज दहा मिनिटं डोळे मिटून एवढंच कर, आठवड्यात पाय आपोआप जातील.

रबरी सोलचे बूट घालून पेडल वाजवू नकोस. रबर लाकडाला चिकटतं, पाय घसरत जायला हवा तिथे अडतो, आणि मग घोटा दुखतो. पातळ चामड्याचा सोल, अडीच-तीन सेंटिमीटर टाच, पुढून निमुळते, असे बूट लागतात. आणि ते रस्त्यावर घालायचे नाहीत. पिशवीत न्यायचे, ऑर्गनजवळ बदलायचे. सोलला रुतलेली एक खडी पेडलच्या लाकडावर कायमची रेघ ओढते.

आता स्टॉप, म्हणजे आवाजाची जात निवडायची बटणं. तुमच्याकडचा ऑर्गन डिजिटल, दोन मॅन्युअलचा, म्हणजे हाताने वाजवायच्या पट्ट्यांच्या दोन रांगांचा, आहे. त्यावर चाळीसेक बटणं असतील, त्यातली तुला सहा-सात लागतील. ८ फुटी म्हणजे लिहिलेल्या जागचा सूर, ४ फुटी म्हणजे एक सप्तक वर, २ फुटी दोन सप्तकं वर, १६ फुटी एक सप्तक खाली. हे फूट म्हणजे सगळ्यात खालच्या सीच्या नळीची साधारण लांबी, त्यात गूढ काही नाही. लोक गाणार असतील तेव्हा ८ आणि ४ फुटी प्रिन्सिपल, म्हणजे ऑर्गनचा मूळ ठळक आवाज, पेडलला १६ आणि ८. चर्च भरलं, लोकांचा आवाज मोकळा झाला, की शेवटच्या कडव्याला २ फुटी घाल. फ्लूट स्टॉप एकट्याने सोलिस्टला साथ करायला बरे, पण सातशे माणसांना ते ऐकूच येत नाहीत. त्यांचा सूर गोल असतो, त्याला कड नसते, आणि लोक धरतात ती कड. ट्रेमोलो बंद ठेव. सूर हलत असला की गाणाऱ्याला आपला सूर कुठे टेकवायचा ते कळत नाही. ख्रिस्तप्रसादानंतर, कुणी गात नसताना, हवा तर लाव.

चर्चमधल्या लोकांच्या गाण्याला साथ हा या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो, वाक्यं वाढवून सांगतो.

ऑर्गनचा सूर बोट उचलेपर्यंत जसाच्या तसा राहतो. पियानोसारखा विरत नाही, पेटीसारखा भात्याने फुगत नाही. त्यामुळे पट्टी कितीही जोरात दाबलीस तरी ठेका येत नाही. ठेका येतो तो बोट कधी उचललंस त्यातून. चालीत एकच सूर चार वेळा आला, जी-जी-जी-जी, आणि तू चारही जोडून वाजवलेस, तर लोकांना एक लांब भोंगा ऐकू येतो. दुसरा शब्द कुठे टाकायचा ते त्यांना समजत नाही. म्हणून चालीचा पुन्हा येणारा सूर अर्ध्या मात्रेवर उचलायचा आणि पुढच्या मात्रेला परत दाबायचा. त्याच वेळी आल्टो आणि टेनर या मधल्या दोन आवाजांतले पुन्हा येणारे सूर धरून ठेवायचे, पेडलही धरलेलाच. चारही आवाज एकदम उचललेस तर टाइपरायटर वाजतो, एकही नाही उचललास तर चिखल होतो. वरचं एक बोट उचललंय आणि खालची तीन चिकटलीत, ही सवय हाताला नैसर्गिक नाही. आधी चाल सोडून बाकीचे तीन आवाज वाजव, मग नुसती चाल वाजव, आणि मग एकत्र कर. एका गाण्याला चार दिवस लागले तरी हरकत नाही, पुढच्या गाण्याला एकच लागेल.

ओळीच्या शेवटी श्वास. शेवटच्या सुरातली एक मात्रा कापून श्वासाला द्यायची. तीन मात्रांचा सूर असेल तर दोन वाजव, तिसरीला हात वर. दर कडव्याला त्याच जागी, तेवढाच वेळ. पहिल्या कडव्यात लांब आणि दुसऱ्यात आखूड श्वास दिलास की अर्धं चर्च पुढे जातं, अर्धं मागे राहतं. सगळे शब्द ओठ हलवत म्हणत वाजव आणि जिथे श्वास द्यायचाय तिथे स्वतः घे. सुरावटीत, म्हणजे लोक गायला लागण्याआधी वाजवतेस त्या तुकड्यात, शेवटची ओळ वाजवून सुरुवात कर, पण पुढे गायचं आहे त्याच लयीत. सुरावट संपवताना लय ओढलीस तर लोक ओढलेल्या लयीतच उचलतात आणि मग पाचही कडवी रांगतात.

एक गोष्ट कानाला फसवते. आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. शेवटचा बाक तुझ्यापासून ३५ मीटरवर असेल, तर तुझा सूर तिथे पोचायला सेकंदाचा दहावा भाग, आणि त्यांचं गाणं परत यायला तेवढाच. म्हणजे ते तुझ्याबरोबर असले तरी तुला मागे पडल्यासारखे वाटतात. तू त्यांच्यासाठी थांबलीस की ते आणखी थांबतात. कान कोरकडे, म्हणजे गायकवृंदाकडे, आणि कोर-लीडरच्या हाताकडे ठेव. मागचं गाणं ऐकायचं, पण त्याच्यामागे जायचं नाही.

पट्टी: पहाटे चारला कुणाचाही गळा उघडलेला नसतो. संध्याकाळच्या मिस्सेला डी मेजरमध्ये, म्हणजे आपल्या पांढरी दोनमध्ये, सहज जाणारं गाणं पहाटे सी मेजरला, पांढरी एकला उतरव. वरचा सूर मधल्या सीच्या वरच्या सीपर्यंत, फार तर डीपर्यंत. डिजिटल ऑर्गनवर ट्रान्स्पोजचं, म्हणजे पट्टी चढवण्या-उतरवण्याचं, बटण असतं आणि ते वापरण्यात कमीपणा नाही. पण गाणं संपल्यावर ते शून्यावर आणायला विसरणं ही जगातल्या सगळ्या ऑर्गनिस्टांची सामाईक चूक आहे. आकडा डिस्प्लेवर दिसत असतो आणि कुणी बघत नाही. एक चिकटपट्टी घे, त्यावर 'शून्य?' लिही आणि म्युझिक स्टँडच्या खालच्या कडेला लाव. गिटारवाल्याला आदल्या दिवशीच सांग. कॅपोने, म्हणजे गिटारच्या मानेवर लावायच्या चिमट्याने, सूर चढवता येतो, उतरवता येत नाही, त्यामुळे तू खाली उतरलीस तर त्याला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, नव्याने धरावे लागतात.

टागालोग, म्हणजे तिथल्या भाषेतल्या, गाण्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथल्या उपासना-संगीताचा पाया जेझुइट फादर एदुआर्दो होन्तिवेरोस यांनी घातला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत होऊ लागली त्या काळात. आपल्याकडे लॅटिनच्या जागी मराठी गाणी आली तेही तेव्हाच. फरक असा, की त्यांची बरीच गाणी गिटारवर घडलेली आहेत. तुझ्या हाती येतो तो कागद म्हणजे शब्द आणि वर कॉर्डची अक्षरं. त्यातून चार आवाज तुलाच काढायचेत. उजव्या हातात चाल, डाव्या हातात मधले दोन सूर, पेडलवर कॉर्डचा मूळ सूर. तिरक्या रेघेनंतर दुसरं अक्षर असेल, म्हणजे डी आणि रेघेखाली एफ शार्प, तर एफ शार्प पेडलवर जातो, आणि मग तो हातात पुन्हा घ्यायचा नाही, नाहीतर सूर जाड होतो. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना जो सूर दोघांत आहे तो धरून ठेव. डाव्या हाताने मधल्या सीच्या एक सप्तक खाली तिसऱ्या-पाचव्या सुरांचे गठ्ठे धरलेस तर नुसती घरघर ऐकू येते. आणि गिटारवाला जे छाक-छाक करतो त्याची नक्कल करू नकोस. ते त्याचं काम. तू खाली सतरंजी अंथरायची.

भाषा अजून कच्ची आहे म्हणालीस. वाजवणाऱ्याला दोन गोष्टी आधी लागतात. कागदावर एन-जी ही दोनच अक्षरं सुटी दिसली तर उच्चार 'नांग'. एम-जी-ए दिसलं तर 'मङा', म्हणजे तीन अक्षरांच्या त्या चिमुकल्या शब्दाला दोन सूर लागतात. हे माहीत नसलं की चालीत एक सूर जास्त वाटतो आणि माणूस तो गाळून टाकतो. बाकी फादरच्या तोंडचे इशारे पाठ कर. प्रिफेसच्या, म्हणजे अर्पणानंतरच्या स्तुतिप्रार्थनेच्या, शेवटाकडे 'वालांग हुम्पाय' कानावर आलं की हात पट्ट्यांवर, कारण लगेच 'सांतो', म्हणजे आपलं 'पवित्र, पवित्र', उचलायचं आहे. 'मिस्तेर्यो नांग पानानांपालाताया' झालं की लोकांची श्रद्धेची घोषणा. 'मागपासावालांग हांग्गान' म्हणत ख्रिस्तशरीर आणि प्याला उंचावलेला असतो, तिथे मोठा आमेन. तिथे सुरावट नको, एक पूर्ण कॉर्ड दे आणि लोकांना घेऊन चल. फादर गाऊन म्हणत असतील तर त्यांच्या शेवटच्या सुरावरून कॉर्ड निवड, स्वतःच्या सोयीने नाही. ते मध्येच अर्धा सूर खाली घसरले असतील, तर तेच बरोबर आणि तू चूक.

ख्रिस्तप्रसादाच्या गाण्याचा हिशेब आधीच करून ठेव. धर, ४०० माणसं, वाटणारे चार, एकाला पाच सेकंद. म्हणजे १०० गुणिले ५, सव्वाआठ-साडेआठ मिनिटं. चार मिनिटांचं गाणं तिथे दोनदा जातं. दुसरं गाणं उघडून ठेव, किंवा त्याच चालीवर शब्दांशिवाय एक कडवं वाजवायची तयारी ठेव. आणि कुठेही, कोणत्याही ओळीनंतर, दोन कॉर्डमध्ये संपवता आलं पाहिजे. फादर जागेवर बसले आणि ऑर्गन चालूच आहे, हे दृश्य बरं दिसत नाही.

चर्चच्या वर्षातल्या काळांचे नियम तुला माहीत आहेत, पण तिथे एक गुंता आहे. नाताळाआधीच्या आगमनकाळात ऑर्गन बेताने वाजवायचा, नाताळचा आनंद आधीच उधळायचा नाही. मनिलातल्या मॉलमध्ये १ सप्टेंबरपासून नाताळची गाणी लागतात ती गोष्ट वेगळी. पण १६ ते २४ डिसेंबरच्या या पहाटेच्या मिस्सांना फिलिपिन्सला खास मोकळीक आहे: वस्त्रं पांढरी, आणि 'पापुरी', म्हणजे आपलं 'परमेश्वराचा गौरव' हे गौरवगीत, गायलं जातं. म्हणजे पहाटे तू सगळे स्टॉप ओढू शकतेस आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या मिस्सेला जांभळी वस्त्रं असली तर पुन्हा बेताने. नऊ दिवसांत एक रविवारही येतो. त्या दिवशी काय, आणि आदल्या संध्याकाळी घेतात त्या मिस्सांना काय, हे फादरना आठवडाभर आधी विचारून लिहून ठेव. 'मिसा दे गायो' हे नाव कुणी २४ च्या रात्रीच्या मिस्सेला लावतं, कुणी या पहाटेच्या मिस्सांनाच. कोरच्या ग्रुपवर ते नाव आलं तर तारीख विचारूनच हो म्हण. पुढे ईस्टरआधीच्या उपवासकाळात साथीपुरताच ऑर्गन, आणि पवित्र गुरुवारच्या गौरवगीतापासून ईस्टरच्या जागरणातल्या गौरवगीतापर्यंत तर गाण्याच्या आधाराशिवाय एक सूर नाही. त्या आठवड्यात रस्तोरस्ती 'पाबासा' ऐकशील. येशूच्या दुःखसहनाचं काव्य, आठ-आठ अक्षरांच्या पाच ओळींचं कडवं, लोक पाळीपाळीने अखंड म्हणतात. थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये ओवीत छापलं गेलं, ते आपल्याकडे असंच घोळून म्हटलं जायचं. तिथे खुर्ची ओढून बस आणि नुसतं ऐक. एका साध्या चालीवर माणसं तासन्‌तास श्वास कसा वाटून घेतात ते ऑर्गनिस्टने ऐकण्यासारखं असतं.

आता बिघडतं काय काय ते.

वीज. तिथे लाइट गेली की 'ब्राउनआउट' म्हणतात. डिजिटल ऑर्गन एका क्षणात मुका होतो आणि लोक ओळीच्या मध्ये असतात. अशा वेळी थांबायचं नाही, कोरने तीच ओळ पुढे न्यायची, हे आधी ठरवून ठेवा. पुढच्या गाण्याचा सूर द्यायला ए-४४० चा ट्यूनिंग फोर्क खिशात असू दे. जनरेटर सुरू झाला की ऑर्गन लगेच चालू करू नकोस. दाब स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं दे. चालू करताना आधी ऑर्गन, मग बाहेरचा अँप्लिफायर. बंद करताना उलट. क्रम चुकला की स्पीकरमध्ये जो धडाम आवाज होतो, त्याने स्पीकरचा पडदाच फाटायचा.

तिथली वीज २२० व्होल्ट असली तरी ६० हर्ट्झची आहे, आपली ५०. आजच्या यंत्रांना फरक पडत नाही. पण कुणाच्या घरी जुना अमेरिकन टोनव्हील ऑर्गन असेल तर त्याचा सूर मोटरच्या फिरण्यावर असतो आणि मोटर हर्ट्झवर फिरते. मनिलात व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावला की तो बरोबर सुरात वाजतो. तोच वसईत आणून लावला तर तीन अर्धसूर खाली बोलेल. स्वस्तात मिळतोय म्हणून घरी पाठवायचा विचार मनात आला असेल, तर हे लक्षात ठेव.

खऱ्या पाइप ऑर्गनवर बसायची वेळ आली तर सूर अडकणं ठरलेलं आहे. बोट उचललं तरी एक सूर चालूच. दमट हवेत लाकूड फुगतं, झडपेखाली कचरा बसतो. घाबरून ब्लोअर, म्हणजे नळ्यांना हवा पुरवणारा पंखा, बंद करायचा नाही. तीच पट्टी पाच-सहा वेळा झटक्याने दाब, बरेचदा कचरा उडून जातो. नाहीच गेला तर एकेक स्टॉप आत ढकल. ज्याने आवाज थांबेल तो स्टॉप त्या मिस्सेपुरता सोडून दे. आत शिरून नळीला हात लावणं तुझं काम नाही. दुसरं, हवा तापली की फ्लू नळ्यांचा, म्हणजे शिटीसारख्या वाजणाऱ्या नळ्यांचा, सूर चढतो, डिग्रीला साधारण ३ सेंट. एका अर्धसुरात १०० सेंट असतात. पहाटे २४ डिग्री आणि दुपारी ३२, म्हणजे २४ सेंट, जवळजवळ पाव अर्धसूर. रीडचे, म्हणजे धातूची जीभ थरथरून वाजणारे, स्टॉप मात्र जवळपास जागच्या जागी राहतात, म्हणून दुपारी ट्रंपेट बेसूर वाटतो. तो बिघडलेला नसतो.

नळ्यांवरून आठवण, मनिलाजवळच्या लास पिन्यासला अजून गेली नसशील तर परीक्षा झाल्या झाल्या जा. सेंट जोसेफ चर्चमधला बांबूचा ऑर्गन. स्पेनहून आलेले ऑगस्टिनियन रेकोलेक्ट फादर दिएगो सेरा यांनी १८१६ मध्ये काम सुरू केलं. बांबू कापून समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला, म्हणजे कीड लागायची असेल ती त्या काळात लागून जाते आणि जो टिकतो तोच वापरायचा. लाकूड पोखरणाऱ्या त्या किड्याला तिकडे 'बुकबोक' म्हणतात, आपला भुंगाच. १८२१ मध्ये ऑर्गन वाजू लागला, पण ट्रंपेट नव्हते. तो करारी आवाज बांबूतून निघेना. शेवटी ते धातूचे केले आणि १८२४ मध्ये काम पुरं झालं. एकूण १०३१ नळ्या, त्यातल्या ९०२ बांबूच्या, १२९ धातूच्या. भूकंप आणि वादळांनी पुढे तो पार खिळखिळा झाला. १९७३ मध्ये तो जर्मनीत बॉनला, क्लाइस यांच्या कारखान्यात गेला. तिथल्या कोरड्या हवेत बांबू तडकू नये म्हणून मनिलासारखी दमट-उबदार हवा ठेवलेली खोली करावी लागली. १९७५ मध्ये परत आला, आणि तेव्हापासून त्याच्याभोवती दर फेब्रुवारीत महोत्सव भरतो.

तिथे गेलीस की एक गोष्ट मुद्दाम बघ. एकच मॅन्युअल, पण स्टॉप डाव्या-उजव्या अशा दोन भागांत तोडलेले, जुन्या स्पॅनिश पद्धतीचे. म्हणजे मधल्या सीच्या आसपास पट्ट्यांची वाटणी होते. खालचा अर्धा भाग मऊ आणि वरचा अर्धा ट्रंपेटवर, असं एकाच वेळी एकाच मॅन्युअलवर वाजतं. तुझ्याकडे दोन मॅन्युअल असून तू दोन्ही हात एकाच मॅन्युअलवर ठेवतेस. नवीन गाणं लोकांना शिकवताना उजवा हात वरच्या मॅन्युअलवर ठळक स्टॉपवर, डावा खालच्या मॅन्युअलवर मऊ, असं करून बघ. चाल न सांगता कळते. पाखरांचा आवाज काढणारा स्टॉपही तिथे आहे. तो ऐकून ये, मागत बसू नकोस.

लास पिन्यासला जायला बाक्लारानहून सापोतेकडे जाणारी जीपनी, म्हणजे तिथली शेअर जीप, धर, भाडं पुढच्या माणसाच्या हाती 'बायाद पो' म्हणून द्यायचं, उतरताना 'पारा पो'. बुधवार टाळ. बाक्लारानला त्या दिवशी निरंतर साहाय्य मातेच्या नोव्हेनाची गर्दी असते, आपल्या माहीमला असते तशीच. दोन्हीकडे हा बुधवारचा नोव्हेना १९४८ मध्येच सुरू झाला. आणि ९ जानेवारीला कियापोच्या बाजूला फिरकायचंच नाही, त्या दिवशी काळ्या नाझरेनच्या, म्हणजे येशूच्या काळ्या मूर्तीच्या, मिरवणुकीने तो सगळा भाग बंद असतो. इंट्रामुरोसमध्ये, म्हणजे मनिलाच्या जुन्या तटबंदीच्या आत, गेलीस तर कथीड्रलमधला १९५८ चा डच पेल्स ऑर्गन ऐक. सान ऑगस्टिनही तिथेच, १६०७ मध्ये पुरं झालेलं दगडी चर्च.

अभ्यासाचं. पहाटेची मिस्सा चारची असेल तर तुला सव्वातीनला कन्सोलवर असायला हवं. म्हणजे अडीचला उठणं, रात्री साडेआठ-नऊला झोपणं. परत येऊन सहा ते साडेसात झोप, मग लेक्चर. रात्री जागून अभ्यास आणि पहाटे ऑर्गन, दोन्ही नऊ दिवस निभत नाही, पाचव्या दिवशी बोटं ऐकत नाहीत. फायनल्सचं वेळापत्रक आत्ताच कोर-लीडरला दाखव आणि पेपरच्या आदल्या दोन पहाटा कीबोर्डवाल्या मुलाला दे. मागून ऐनवेळी सांगण्यापेक्षा आधी मागितलेलं कुणालाच खुपत नाही. पहाटे एकटीने निघायचं नाही. कोरमधल्या मुलींबरोबर ट्रायसिकलने, म्हणजे तिथल्या रिक्षाने, जा, आणि येतानाही तसंच.

वाजवण्याआधी पोटभर खाऊ नकोस, पण उपाशीही नको. सालाबात, म्हणजे त्यांचा आल्याचा गरम काढा, थर्मासमध्ये ने. खाणं मिस्सेनंतर चर्चच्या दारातच असतं: पुतो बुंबोंग, बांबूच्या नळकांड्यात वाफवलेला जांभळा तांदळाचा पदार्थ, वर खोबरं आणि गूळसाखर. आणि बिबिंगका. नाव गोव्याच्या बेबिंकासारखं असलं तरी थर नसतात. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध केळीच्या पानावर ओतून खाली-वर निखारे ठेवून भाजतात, वर खारवलेलं अंडं. बोटांना साखर-खोबरं लागलेलं असताना पट्ट्यांना हात लावायचा नाही, मुंग्या कन्सोलच्या आत घर करतात.

फेब्रुवारीत महोत्सवाला गेलीस तर ६ तारखेच्या आसपास केझोन सिटीत सान फ्रान्सिस्को देल मोंतेला जाऊन ये. ते चर्च पेद्रो बाउतिस्ता यांच्या नावाचं. आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया मनिलात फ्रान्सिस्कन झाले, पेद्रो यांच्याबरोबर दुभाषा म्हणून जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत दोघेही एकाच टेकडीवर क्रुसावर गेले. वसईचा माणूस तुझ्या आधी सव्वाचारशे वर्षांपूर्वी त्या शहरात राहून गेला, हे तुझ्या कोरमधल्या पोरांना सांग. त्यांना बहुतेक ठाऊक नसेल.

पार्सल सोमवारी टाकतोय. त्यात बूट आहेत, तुझ्या जुन्या काळ्या बुटांनाच मोच्याकडून चामड्याचा सोल लावून घेतलाय, टाच पावणेतीन सेंटिमीटर. नवा सोल पहिले दोन दिवस गुळगुळीत लागेल, बारीक सँडपेपर एकदाच हलक्या हाताने फिरव. फोर्क रुमालात गुंडाळून उजव्या बुटात ठेवलाय, काढायला विसरू नकोस. आईने सुक्या बोंबलाची चटणी दिलीय, ती ऑर्गनजवळ नेऊ नकोस. १५ तारखेच्या रात्री झोपण्याआधी ट्रान्स्पोज शून्यावर असल्याचा फोटो पाठव.

तुझे
पप्पा